बिऱ्हाड आणलं का?

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागले, की वाटेत आंजी (मोठी) लागते. धाम नदीच्या खोऱ्यातले हे गाव. कपाशी-तुरीची शेते, बाजाराचा दिवस, शाळा, दवाखाना, असे आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या खेड्यासारखे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र येथे आहे. त्यामुळे शहरातून आलेले तरुण डॉक्टर गावाला नवे नाहीत. अशा गावात नवा डॉक्टर येवो, मास्तर येवो की तलाठी येवो, चार दिवसांत ओळख झाली की ओट्यावर बसलेला एखादा म्हातारा हळूच विचारतोच, "साहेब, बिऱ्हाड आणलं का?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात खेड्याचे सारे शहाणपण साठलेले आहे. बिऱ्हाड आणले नाही म्हणजे साहेबाचा एक पाय शहरात. शनिवारी दुपारी तो बस गाठणार आणि बदलीचा अर्ज त्याच्या खिशातच असणार. बिऱ्हाड आणले, चूल पेटली, दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळू लागले, म्हणजे माणूस राहायला आला. खेडे माणसाच्या भाषणावरून त्याची परीक्षा करीत नाही. दोरीवरच्या कपड्यांवरून करते.

परक्या मुलखातल्या खेड्यात जन्म काढण्यासाठी बायकामुलांसह आलेली माणसे महाराष्ट्राने पूर्वीही पाहिली आहेत. दोनशे वर्षांपूर्वीपासून येथे ख्रिस्ती मिशनरी आले. नाशिक, नगर, नागपूर या बाजूंच्या आडगावी त्यांनी संसार मांडले. त्यांनी धर्मप्रचार किती केला, त्यात योग्य किती नि अयोग्य किती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या वादाला अंत नाही. त्यांच्या शाळा आणि इस्पितळे तर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पण या माणसांच्या मागोमाग जे घर आले, त्याचे काय झाले? नवऱ्याने ईश्वराची हाक ऐकली, हे ठीक. बायकोनेही ऐकली असेल. पण पाळण्यातल्या पोराने ती कधी ऐकली होती?

आज त्या घरांची कथा सांगायची आहे.

एकोणीस वर्षांची मुलगी

१८१२ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतून काही तरुण मिशनरी हिंदुस्थानकडे निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजात चार-चार, सहा-सहा महिने काढावे लागत. या मंडळीत सॅम्युएल न्यूवेल आणि त्याची नवपरिणीत पत्नी हॅरिएट ही जोडी होती. कलकत्त्याला पाऊल टाकताच ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना निघून जाण्याचा हुकूम दिला. हॅरिएट गरोदर होती. दोघे मॉरिशसकडे निघाली. वाटेत जहाजावरच तिला मुलगी झाली, आणि ती तान्ही पोर समुद्रावरच गेली. मॉरिशसला पोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली. तिचे वय अवघे एकोणीस होते. ज्या देशासाठी तिने घर सोडले, त्या देशात तिला संसार मांडताच आला नाही.

एकटा न्यूवेल पुढे मुंबईला आला. त्याचा सोबती गॉर्डन हॉल त्याआधीच, ११ फेब्रुवारी १८१३ रोजी, मुंबईत उतरला होता. मुंबई इलाख्यातल्या अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. हॉलने मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, 'नव्या करारा'च्या मराठी भाषांतराला हात घातला. १८१६ साली मार्गारेट लुईस या इंग्रज स्त्रीशी त्याचे लग्न झाले. मुले झाली. पण मुंबईची हवा युरोपियन मुलांना मानवत नसे. मिशनच्या घराघरांतून पाळणे रिकामे होत होते. न्यूवेल स्वतः १८२१ मध्ये पटकीने गेला. शेवटी १८२५ साली हॉलने काळजावर दगड ठेवला आणि पत्नीला व दोन मुलांना अमेरिकेच्या जहाजात बसवून दिले. स्वतः मात्र मागे राहिला. काम अर्धे होते.

दोन मुलांतला थोरला वाटेतच वारला. धाकटा तेवढा किनाऱ्याला लागला. इकडे १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिक-त्र्यंबककडच्या गावांतून फिरत होता. त्या भागात पटकीने थैमान घातले होते. जवळची औषधे त्याने वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर तो मुक्कामाला थांबला असता पहाटे त्यालाच पटकी झाली, आणि काही तासांत, २० मार्च रोजी, सारा खेळ आटोपला. बरोबर दोन पोरसवदा सोबती होते. त्यांनी खड्डा खणला आणि घोंगडीत गुंडाळून साहेबाला मातीआड केले. तो ४१ वर्षांचा होता. ज्या भाषांतरासाठी तो मागे राहिला, तो मराठी 'नवा करार' त्याच वर्षी छापून झाला.

सातासमुद्रापलीकडे मार्गारेटला ही बातमी कळली, तेव्हा मध्ये कित्येक महिने लोटले असतील. तोवर तिने लिहिलेली पत्रे मुंबईला येतच राहिली असतील. मिशनच्या इतिहासात हॉलच्या मृत्यूवर पानेच्या पाने आहेत; त्या पत्रांविषयी मात्र कोणी फारसे लिहिलेले नाही.

समुद्रावर हरवलेले वडील

हॉलनंतर आलेल्यांनी एक धडा घेतला होता. मुले फार दिवस येथे ठेवायची नाहीत. सहा-सात वर्षांची झाली की स्वदेशी पाठवायची. तेथे आजी-आजोबा, मावशी, नाहीतर मिशनचे कोणी स्नेही त्यांना वाढवीत. आई-वडिलांची गाठ पुढे आठ-दहा वर्षांनी पडे; कधी कधी पडतच नसे. आपल्याकडे मुलगी सासरी जाताना आईच्या डोळ्यांना धार लागते. येथे सात वर्षांचा मुलगा समुद्रापार जायचा, आणि परत येईल तेव्हा आईला ओळखील की नाही, याची शाश्वती नसायची.

ह्यूम घराण्याचेच पाहा. रॉबर्ट विल्सन ह्यूम हे १८३९ साली मुंबईला आले. पंधरा वर्षांत प्रकृती पार ढासळली, म्हणून १८५४ मध्ये बायकामुलांसह ते परत निघाले. जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ असतानाच त्यांनी प्राण सोडला. त्यांचा देह समुद्राच्या स्वाधीन करून ती विधवा माउली मुले पदराखाली घेऊन एकटी पुढे गेली. त्या मुलांत एक होता रॉबर्ट. १८४७ साली तो मुंबईत, भायखळ्यास जन्मला होता. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता.

आता कोणी म्हणेल, या पोराने हिंदुस्थानचे नाव पुन्हा कशाला काढावे? ज्या देशाने बाप घेतला, त्या देशाकडे पाठ फिरवावी, हेच माणसाच्या स्वभावाला धरून झाले असते. पण तो शिकला, येल विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि १८७४ मध्ये लग्न करून थेट नगरला येऊन राहिला. पाठोपाठ धाकटा भाऊ एडवर्ड मुंबईला आला. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी नगरला थोडीथोडकी नव्हेत, पन्नासहून अधिक वर्षे काढली. छप्पन्नाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, त्यांनी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. येथेच त्यांची पहिली पत्नी १८८१ मध्ये वारली. ती साताऱ्याच्या मिशनरी बर्जेस यांची मुलगी. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला तो वडाळ्याच्या फेअरबँक घराण्यातल्या केटीशी. मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरलाच आली. भाऊ एडवर्ड यांचा मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट हा मुंबईत जन्मला. पुढे त्याने तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२१ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. आजोबा बायबल घेऊन आले होते. नातू उपनिषदे घेऊन गेला.

ही ओढ कशाची म्हणायची? यातले एक कारण घरातलेच आहे. ही मुले पुष्कळदा आयांच्या कडेवर वाढत. पहिले शब्द कानी पडत ते मराठी. भाकरी, चिंच, गूळ यांची चव जिभेवर बसे. मग अमेरिकेच्या थंडीत, परक्या वाटणाऱ्या नातेवाइकांच्या घरी, त्यांना 'घर' म्हणून आठवे ते नगरकडचे उन्हाने तापलेले अंगण. आई-वडिलांना वाटे, आपण मुलांना घरी पाठवले. मुलांना वाटे, आपल्याला घरातून बाहेर काढले.

वडाळ्याचा बंगला

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना नेवासे तालुक्यात वडाळा लागते. उत्तर नगरचा हा भाग आज उसासाठी ओळखला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी येथे पाटाचे पाणी नव्हते. बाजरी-जोंधळ्याचे, पावसाच्या भरवशावरचे रान होते. या गावी १८५७ च्या सुमारास सॅम्युएल फेअरबँक राहायला आले. हिंदुस्थानात ते १८४६ साली आले होते; मधली काही वर्षे मुंबईत मिशनच्या छापखान्यात गेली. पहिली पत्नी ॲबी १८५२ मध्येच त्यांना सोडून गेली. दुसरी मेरी ही नगरचे मिशनरी हेन्री बॅलंटाईन यांची कन्या. मराठी भजने रचणारे हे बॅलंटाईन तीस वर्षे येथे राबले आणि १८६५ साली स्वदेशी परतताना त्यांनाही समुद्रावरच मरण आले.

म्हणजे वडाळ्याच्या बंगल्यात जी गृहिणी आली, तिला खेड्यातला संसार नवा नव्हता. अशा बंगल्याची दिनचर्या कशी असे? पावसाळ्यानंतर दौरे सुरू होत. तंबू, कनाती, भांडी, औषधांची पेटी, पुस्तके, सारे बैलगाड्यांवर लादायचे आणि गावोगाव मुक्काम करायचा. साहेब चावडीवर किंवा झाडाखाली लोकांशी बोले. मडम बायकांत बसे. बंगल्यावर असली तर तिच्या पडवीत सकाळपासून रांग लागे: कोणाचे डोळे आले आहेत, कोणाला खरूज झाली आहे, कोणाला ताप आहे. बहुतेक मडमांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नसे. क्विनाईन, एरंडेल, स्वच्छ पाणी आणि मलमपट्टी एवढ्यावर त्यांची डॉक्टरी चाले. शिवाय मुलींची शाळा, शिवणकाम, आणि स्वतःच्या मुलांचा अभ्यास. मिशनच्या दप्तरात पगारी माणूस एकच, काम करणारी माणसे दोन! आपल्याकडच्या किती 'सामाजिक कार्यकर्त्यां'च्या घरी आजही हाच हिशेब चालतो, हे वाचकांनी आपल्या आसपास पाहावे.

फेअरबँकसाहेबांना एक छंद होता. ते पक्षी पाहत, त्यांचे नमुने गोळा करीत. नगर, खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव या बाजूच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८७६ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. दक्षिणेकडच्या पळणीच्या डोंगरात सापडणाऱ्या एका गाणाऱ्या पक्ष्याला शास्त्रज्ञांनी १८६९ मध्ये त्यांचेच नाव दिले. पळणीच्या त्याच डोंगरावर कोडाईकनाल वसले आहे. ते ठिकाण मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये का वसवले, ठाऊक आहे? मदुरेच्या उष्ण हवेत त्यांची माणसे आणि मुले भराभर दगावू लागली होती, म्हणून! पुढे १९०१ साली तेथे मुलांसाठी शाळा निघाली. उत्तरेत मसुरीजवळ लँढोरला वुडस्टॉक शाळा १८५४ मध्येच सुरू झाली होती. समुद्रापार मूल पाठवण्यापेक्षा डोंगरावर पाठवणे बरे, एवढाच त्यातला दिलासा. ज्या थंड हवेच्या ठिकाणी आपण मे महिन्यात मुलाबाळांसह मजेने जातो, तिथल्या एखाद्या जुन्या शाळेच्या पायात अशी कितीतरी लहान थडगी आहेत.

मेरी फेअरबँक १८७८ मध्ये गेली. साहेब पुढे वीस वर्षे राहिले, १८९८ पर्यंत. त्यांच्या मुलांपैकी हेन्री नगरला आणि एडवर्ड वडाळ्यालाच मिशनच्या कामात आला. याच घराण्यातली रोझ डॉक्टर झाली आणि तिने पतीबरोबर वाईला दवाखान्याचे काम केले. आजीची पडवी आणि नातीचे इस्पितळ अशी ही चाल आहे. औषधांची पेटी तीच. मध्ये फक्त शिक्षण आले.

बोरीचा ओढा

आता आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे येऊ. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या फेब्रुवारीत पत्नी एरास्मासह नागपुरास आले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले आणि आज त्यांच्याच नावाने चालते. त्यांनी गोंडांच्या वस्त्यांत बसून गोंडी भाषा, चालीरीती आणि लिंगोची गाणी टिपून घेतली. दगड, जीवाश्म, जुनी शिळावर्तुळे यांचाही त्यांना नाद होता. एका खनिजाला 'हिस्लॉपाइट' हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. हा मुलूख वर्ध्याच्या वाटेवरचा, बोरीजवळचा. उकराउकर पाहून झाल्यावर हिस्लॉप गावची शाळा तपासायला मागे राहिले. शाळेच्या कामात अंधार पडला. पावसाने ओढ्याला पूर आला होता. रात्री छावणीत घोडा आला, स्वार आला नाही. पाण्यात शोध घेतला तेव्हा त्यांचा देह सापडला. चारच दिवसांनी त्यांचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता.

टेंपलसाहेबांनी त्यांचे कागद गोळा करून १८६६ मध्ये ग्रंथ छापला, म्हणून लिंगोची गाणी आपल्यापर्यंत पोचली. हिस्लॉपच्या नावाचे कॉलेज आहे, खनिज आहे, ग्रंथ आहे. एरास्माच्या नावाचे काय आहे? तरुण वयात ती परक्या राज्यात आली आणि तिने येथे संसार केला. शेवटी पदरात पोरकी मुले आणि डोळ्यांपुढे एक रिकामा घोडा एवढेच तिला उरले.

राहुरीची लक्ष्मीबाई

इथवर जी घरे पाहिली, ती गोऱ्यांची. त्यांच्या बायकांनी घरी पत्रे लिहिली, ती कोठेतरी पेट्यांत पडली. पण एक घर असे होते, की तेथल्या बाईने सारे मराठीत, अगदी स्वयंपाकघरातल्या मराठीत, लिहून ठेवले. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे, आणि ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मनू. १८६८ चा जन्म आणि अकराव्या वर्षी लग्न. माहेरी सोवळ्याचा कडेलोट. नवरा कवी, विद्वान, रागीट, प्रेमळ आणि हातात पैसा न टिकणारा. नोकरीसाठी नागपूर, राजनांदगाव अशी भ्रमंती झाली. तेथेच टिळकांच्या मनात ख्रिस्ती धर्माचे विचार शिरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पदरात लहानगा दत्तू. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून बाई एकटी. कुंकू लावावे तर लोक हसतात, न लावावे तर कसे? पंढरपूरला नातलगांकडे आणि इतरत्र तिने चारएक वर्षे काढली.

मग ती नगरला नवऱ्याकडे आली, ती धर्म बदलायला नव्हे, संसार करायला. तिचे सोवळे, तिची चूल, तिचे पाणी वेगळे. टिळकांनी त्यात जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच होते. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते आणि मध्ये एक मूल खेळत होते. पुढे तिचे तिनेच विचार केले. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न तिने कोणा पंडिताला विचारला नाही. स्वतःच्या मनाशी सोडवला. एकेक पायरी उतरत, सोवळे सोडून, ती सगळ्यांच्या हातचे खाऊ लागली. १९०० च्या सुमारास, टिळकांचे वास्तव्य राहुरीला असताना, तिचा बाप्तिस्मा झाला.

राहुरी हे उत्तर नगरचेच गाव. छप्पन्नाच्या दुष्काळाने खेड्यापाड्यांतून अनाथ मुले रस्त्यावर आणली होती. टिळकांना पोरके मूल दिसले की ते घरी येई. मग त्याला जेवू कोण घालणार, न्हाऊ कोण घालणार, त्याच्या डोक्यातल्या उवा कोण काढणार? कवीने करुणा करायची आणि कवीच्या बायकोने पिठाच्या डब्यात हात घालून पाहायचे, असा हा प्रकार! पगार महिन्याच्या सुरुवातीलाच वाटून टाकणारा नवरा आणि ताटे वाढतच जाणारे घर. लक्ष्मीबाई भांडली, रुसली, हसली आणि ताटे वाढत राहिली. पुढे नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे राहायला आले, त्यांनाही तिने पोटच्या मुलासारखे सांभाळले. 'फुलराणी'च्या कवीला जेवायला वाढणारा तो हात मराठी वाङ्मयाने विसरू नये.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता. त्याने आईकडे आठवणी मागितल्या. जिला नवऱ्याने घरी अक्षरओळख करून दिली होती, ती बाई लिहू लागली, आणि 'स्मृतिचित्रे' झाली. १९३४ ते १९३६ या काळात तिचे भाग निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले होते.

'स्मृतिचित्रे' आजही घरोघर वाचले जाते ते कशासाठी? धर्मासाठी नव्हे. सेवा करणाऱ्याच्या घरात राहणे म्हणजे काय, हे तीत कुठेही आव न आणता सांगितले आहे. तीत नवरा थोर आहे, आणि त्या थोरपणाचा घरातल्या माणसाला होणारा जाचही आहे. भक्ती आहे आणि तक्रारही आहे. हॉलच्या मार्गारेटने, हिस्लॉपच्या एरास्माने, वडाळ्याच्या मेरीने जे मनात ठेवले, ते लक्ष्मीबाईंनी बोलून टाकले. एका अर्थी ते त्या सगळ्याजणींचेच पुस्तक आहे.

सेवाग्रामचे मास्तर-मास्तरीण

वर्धा जिल्ह्यातही अशी एक जोडी होऊन गेली. ती कुठल्या मिशनने पाठवलेली नव्हती. एडवर्ड विल्यम आर्यनायकम् हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती. शांतिनिकेतनात ते रवींद्रनाथांचे सचिव होते. पत्नी आशादेवी बंगाली, विदुषी, हिंदू घरातली. दोघे वर्ध्यास आली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि तीतून 'नयी तालीम' निघाली. हिंदुस्थानी तालिमी संघाचे चिटणीस आर्यनायकम् झाले. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, शेती, संडाससफाई आणि अक्षरे हे सारे एकत्र शिकवले जाऊ लागले. आशादेवी त्या शाळेच्या आईच होत्या.

या जोडप्याचा लहानगा मुलगा तेथेच, सेवाग्रामी असताना, गेला. त्यानंतर ही दोघे निघून गेली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण ती तेथेच राहिली, वर्षानुवर्षे राहिली, आणि दुसऱ्यांच्या मुलांना शिकवीत राहिली. धर्म वेगळा, काळ वेगळा, ध्येय वेगळे. पण घराने भरलेली किंमत तीच.

आता काय?

या साऱ्या कथा वाचून कोणी म्हणेल, थोर माणसे! त्यांचा त्याग अलौकिक! आणि पान उलटील. पण असे म्हणणे ही आपल्या सुटकेची वाट आहे. त्यागाची पूजा केली की व्यवस्था करावी लागत नाही.

जरा हिशेब मांडा. हॉलचा मुलगा जहाजावर गेला, कारण येथे मुलांना जगवण्याची सोय नव्हती. ह्यूम-फेअरबँकांच्या काळात मुले दूर पाठवावी लागली, कारण येथे शाळा नव्हती. लक्ष्मीबाईंचे निम्मे आयुष्य पीठ-मिठाच्या विवंचनेत गेले, कारण सेवकाच्या घरचा खर्च कसा चालतो, हे विचारणे कोणाला सुचलेच नाही. आता आजच्या खेड्यातल्या डॉक्टराला किंवा शिक्षिकेला विचारा, की राहत का नाही? उत्तरे तीच येतील: मुलांची शाळा, राहायला धड घर, जोडीदाराला काम, रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर सोय. सेवाग्रामच्या महाविद्यालयाने एकेका तुकडीच्या विद्यार्थ्यांना एकेक गाव जोडून दिले, खेड्याची ओळख शिक्षणातच घातली, हे फार चांगले झाले. ओळखीने पाय वळतो. पण तो टिकतो बिऱ्हाडाने.

म्हणून गावाने नुसता प्रश्न विचारून थांबू नये. दवाखान्यामागच्या निवासाचे छप्पर गळते का, शाळेत चौथीनंतर काय, नव्या बाईंना पाणी कुठून आणावे लागते, हेही विचारावे. नवी सून घरात आली की आपण तिला चार दिवस माहेरची आठवण येऊ देत नाही. गावाच्या सेवेला आलेल्या कुटुंबालाही ते माप लावावे.

दिवाळीत आपण प्रत्येक उंबऱ्यावर पणती ठेवतो. यंदा गावात कोणी बाहेरून कामाला आलेले असेल, आणि सुट्टी नसल्याने बायकामुलांसह तेथेच राहिले असेल, तर फराळाचे एक ताट त्यांच्या घरी पोचते करावे. ताट घेऊन जाताना मुलांची नावे विचारावीत. बाईंचे माहेर कोणते, ते विचारावे. साहेबाच्या कामाची चौकशी नंतर केली तरी चालेल.